वर्गातली कादंबरी : 'पाचोळा'च्या अभ्यासाची प्रस्तावना

अभ्यासाला नेमलेली कादंबरी दोन दिवसांत वाचून होते, तरी तिचा अभ्यास सुरू झालेला नसतो. पहिल्या वाचनात पुढे काय होते याची ओढ असते. अभ्यासात मागे वळून हे सगळे कसे रचले आहे ते पाहायचे असते. गोष्ट कोण सांगते, कोणत्या भाषेत सांगते, कोणत्या प्रसंगावर रेंगाळते, कोणती वर्षे दोन ओळींत उरकते आणि काय सांगायचे टाळते, हे प्रश्न दुसऱ्या वाचनाचे आहेत. कथानकाचा सारांश म्हणजे अभ्यास नव्हे, असे वर्गात वारंवार सांगितले जाते. पण परीक्षेच्या आदल्या रात्री हाती येणाऱ्या गाइडात सुरुवातीची पाने सारांशाचीच असतात, आणि मूळ पुस्तक न उघडता पेपर लिहिण्याची सोय तिथेच होते. या सोयीने जे नुकसान होते ते गुणांत दिसत नाही. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने एकही कादंबरी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेली नसते.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या मराठीच्या वर्गाला कादंबरीचा अभ्यास कसा करावा हे दाखवायचे असेल, तर रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' ही कादंबरी सर्वांत सोयीची आहे. रावसाहेब रंगराव बोराडे यांचा जन्म 25 डिसेंबर 1940 रोजी लातूर जिल्ह्यातल्या काटगाव इथे झाला. मराठीचे अध्यापक आणि पुढे प्राचार्य म्हणून त्यांचे आयुष्य मराठवाड्यात गेले. 'पेरणी' हा त्यांचा कथासंग्रह 1962 साली आला आणि 'पाचोळा' 1971 साली. 11 फेब्रुवारी 2025 रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ वाचली जाणारी, एका शिक्षकाने लिहिलेली आणि इथल्याच मातीतली ही कादंबरी आहे. तिचा आकार लहान आहे, त्यामुळे पूर्ण पुस्तक वर्गात वाचून होऊ शकते. ही व्यवहाराची बाब असली तरी महत्त्वाची आहे. ज्या कादंबरीची फक्त निवडक प्रकरणेच शिकवून होतात, तिची रचना विद्यार्थ्याला कधीच दिसत नाही.

पण जवळचे पुस्तक वाचण्यातही एक अडचण असते. औसा, निलंगा, लोहा किंवा कंधार तालुक्यातल्या विद्यार्थ्याला 'पाचोळा' उघडताच घरातली भाषा ऐकू येते. कोणाला त्याचा आनंद होतो. कोणाला वाटते, हे तर आपल्याकडचेच, यात शिकायचे काय? आणि काहीजण चक्क संकोचतात, कारण पहिलीपासून त्यांच्या वहीतल्या 'न्हाई'खाली लाल रेघ ओढून 'नाही' लिहिले गेलेले असते. जी भाषा चूक म्हणून खोडली गेली, तीच आता अभ्यासाचे पुस्तक होऊन समोर येते. या तिन्ही प्रतिक्रिया खऱ्या आहेत आणि अभ्यासाची सुरुवात त्यांच्यापासूनच करावी. ओळखीचे जग पुस्तकात आले की ते आपोआप समजले असे वाटते. प्रत्यक्षात ते तिथे कोणीतरी निवडून, कापून, जोडून आणलेले असते, आणि ती निवड दिसू लागणे म्हणजे वाचायला शिकणे.

मराठीच्या वर्गात मराठी कादंबरी शिकायची ही गोष्ट या भागात फार जुनी नाही, हे ध्यानात ठेवले तर तिचे मोल कळते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. 17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा मुक्त झाला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकारातून 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. 1958 साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूरला 1961 साली दयानंद महाविद्यालय आणि 1970 साली राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. लातूर हा स्वतंत्र जिल्हा 1982 सालचा. त्याआधी तो उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी, मुक्तिदिनीच स्थापन झाले, आणि नांदेड, लातूर, परभणी आणि आजच्या हिंगोली या जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याच्याकडे आली. 'पाचोळा' प्रकाशित झाली तेव्हा मराठवाडा विद्यापीठाला अवघी तेरा वर्षे झाली होती. आजोबा उर्दूत शिकले, वडील मराठी शाळेत गेले आणि नातू आपल्या बोलीतली कादंबरी पदवीला अभ्यासतो आहे, असा प्रवास इथल्या अनेक घरांत तीन पिढ्यांत झाला आहे.

या प्रवासात नांदेडचे एक नाव टाळून पुढे जाता येत नाही. नरहर कुरुंदकर (1932–1982) आधी नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते. पुढे ते पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. 'धार आणि काठ' हा त्यांचा ग्रंथ मराठी कादंबरीच्या वाटचालीवरचा आहे, आणि तोही 1971 सालचाच. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'ला त्यांनी पत्राच्या रूपात लिहिलेली दीर्घ प्रस्तावना मूळ कादंबरीइतक्याच आस्थेने वाचली जाते. कुरुंदकरांची मते आज सगळी पटतील असे नाही आणि पटावीत असा त्यांचा आग्रहही नव्हता. वर्गाला त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे ती पद्धत. ते समोरच्याचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीने मांडतात, मग त्याची तपासणी करतात. नामवंत लेखकाच्या पुस्तकासमोर हात जोडून उभे राहत नाहीत, आणि त्याला तोडून टाकण्यात धन्यताही मानत नाहीत. पुस्तक काय करू पाहते, त्यासाठी कोणती साधने वापरते आणि ती साधने कुठे कमी पडतात, या क्रमाने ते जातात. पदवीच्या विद्यार्थ्याला दहा गुणांचे उत्तर लिहितानाही हाच क्रम उपयोगी पडतो.

आता कादंबरीकडे. 'पाचोळा' ही गंगाराम नावाच्या शिंप्याच्या संसाराची गोष्ट आहे, आणि ती सांगते त्याची बायको पारबती. गंगाराम कसबी आणि ताठ मनाचा माणूस आहे. गावाशी त्याचे वितुष्ट येते. तो वाकत नाही, गावही वाकत नाही, आणि मध्ये संसार सापडतो. मुलगा भाना या ओढाताणीतच वाढतो. झाडावरून गळलेले वाळके पान वाऱ्याने कुठल्या कुठे जावे तशी या घराची गत होते, म्हणून 'पाचोळा'. एवढा सारांश पुरेसा आहे. तो अधिक लांबवला तर विद्यार्थी पुस्तकाऐवजी तोच वाचतील.

सगळ्यात पहिला आणि सगळ्यात फलदायी प्रश्न निवेदनाचा. गोष्ट गंगारामाची असताना ती पारबतीच्या तोंडी का दिली? त्याने स्वतः सांगितली असती तर ती त्याच्या बाजूची कैफियत झाली असती. लेखकाने बाहेरून सांगितली असती तर गावाचे राजकारण, पंच, पाटील यांचा तपशील पुढे आला असता आणि चूल मागे पडली असती. पारबतीच्या सांगण्यामुळे गावातले प्रत्येक भांडण उंबरा ओलांडून घरात आल्यावरच वाचकाला कळते. नवऱ्याचा ताठा तिला दिसतो, त्याचा अभिमानही वाटतो, आणि त्याची किंमत तीच मोजत असते. तिला त्याची बाजू सोडता येत नाही आणि त्याच्यासारखे ताठ राहणेही परवडत नाही. कादंबरीतला ताण या जागेतून निर्माण होतो.

इथे वर्गात एक साधा उद्योग करून पाहण्यासारखा आहे. पेन्सिल घ्यावी आणि कादंबरीच्या समासात तीन खुणा करत जावे: पारबतीने स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले, आणि मनाने अंदाज केलेले. गावातल्या बाईला चावडीवर बसता येत नाही. पुरुषांची बोलणी तिच्यापर्यंत पोहोचतात ती पाणवठ्यावर, शेजारणीच्या तोंडून, पोराच्या सांगण्यातून किंवा नवऱ्याच्या न बोलण्यातून. पंधरावीस पानांत या खुणा झाल्या की विद्यार्थ्याच्या लक्षात येते की आपण आतापर्यंत जे 'घडले' म्हणून वाचत होतो त्यातले बरेच 'कळले' या प्रकारचे आहे. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: तिला कळले ते कितपत खरे? निवेदकाची विश्वासार्हता ही समीक्षेतली संज्ञा फळ्यावर लिहून जितकी कळत नाही, तितकी या तीन खुणांनी कळते.

पुरुष लेखकाने बाईच्या तोंडून कादंबरी सांगण्याची वाट मराठीत जुनीच आहे. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीत यमू आपली कहाणी स्वतः सांगते. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की फरक कळतो. यमू लिहायला शिकलेली पांढरपेशी मुलगी आहे, आणि तिचे निवेदन हे लिहिलेले आत्मचरित्र आहे. पारबतीचे सांगणे बोललेले वाटते. लिहिणाऱ्याला थांबून विचार करता येतो. बोलणारी बाई एका आठवणीतून दुसरीत जाते, मध्येच मागे येते, एखादी गोष्ट पुन्हा सांगते. ती कोणाला सांगते आहे, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. त्याचे एकच उत्तर मिळणार नाही, आणि त्यावर होणारी चर्चा कोणत्याही तयार टिपणापेक्षा मोलाची ठरेल.

यानंतर भाषा. ग्रामीण जीवनावरच्या मराठी कथा-कादंबऱ्यांत बराच काळ एक ठरावीक वाटणी होती: पात्रांनी बोलीत बोलायचे आणि लेखकाने प्रमाण भाषेत सांगायचे. उद्धव शेळके यांची 'धग' (1960) ही श्रेष्ठ कादंबरीही मुख्यतः याच वाटेने जाते. नायिका कौतिक हिच्या घरातले संवाद वऱ्हाडीत आहेत आणि निवेदन लेखकाच्या भाषेत. 'पाचोळा'त ही वाटणी राहत नाही. निवेदनच पारबतीचे असल्यामुळे सबंध कादंबरी बोलीत आहे. त्याच वर्षी आनंद यादव यांची 'गोतावळा' आली आणि तिच्यातही नारबा हा सालगडी आपल्या बोलीत सारे सांगतो. कोल्हापूरकडची एक बोली आणि लातूरकडची एक बोली एकाच वर्षी पूर्ण कादंबरीची भाषा व्हावी, हा मराठी कादंबरीच्या इतिहासातला लक्षणीय योग आहे. नारबाच्या कादंबरीत ट्रॅक्टर येतो आणि जनावरांचा गोतावळा पांगतो. पारबतीच्या कादंबरीत माणसांच्या वागण्यानेच घर विसकटते. या दोन कादंबऱ्यांच्या तुलनेवर एक पूर्ण तास द्यावा.

बोलीने काय साधते हे व्याख्यानाने पटत नाही, करून पाहिल्यावर पटते. त्यासाठी कादंबरीतला उतारा घेण्याचीही गरज नाही. दोन वाक्ये रचून पाहावीत. 'मी म्हनलं, जेवून घ्या. त्येनी मान काय वर केली न्हाई.' हेच प्रमाण भाषेत आणले की होते: 'मी त्यांना जेवण्यास सांगितले, पण त्यांनी मान वर केली नाही.' माहिती तीच राहिली. गेले ते 'जेवून घ्या' हे तिचे प्रत्यक्ष शब्द, आणि गेला तो 'काय'. 'मान काय वर केली न्हाई' यातला 'काय' प्रश्नार्थक नाही. त्यात वाट पाहणे आहे, पुन्हा एकदा निराश होणे आहे, आणि हे रोजचेच असल्याची खूणही आहे. 'पण' या उभयान्वयी अव्ययाने वाक्यांना जोड मिळाली आणि दोन वाक्यांमधली शांतता बुजून गेली. कादंबरीतले एखादे अर्धे पान विद्यार्थ्यांनी असे प्रमाण भाषेत उतरवावे आणि काय काय गळाले त्याची यादी करावी. या यादीतूनच शैलीवरचे उत्तर तयार होते.

इथल्या बोलीचे थर पुष्कळ आहेत. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगूचा शेजार आहे, उदगीर, निलंगा, देवणीकडे कन्नडचा, आणि सगळीकडे दखनी-उर्दूची शतकांची सोबत. 'काय करायलास' आणि 'काय करलालास' यांतला फरक एका बसमार्गावर बदलतो. त्यामुळे 'मराठवाडी बोली' असे एकच लेबल लावून मोकळे होऊ नये. कादंबरीतली कोणती रूपे आपल्या गावात आहेत, कोणती नाहीत, कोणती फक्त आजी बोलते, याची नोंद विद्यार्थ्यांनी घरी विचारून करावी. एरवी अभ्यासाच्या बाबतीत ज्या आजीला कोणी काही विचारत नाही, ती इथे शब्दकोशाच्या जागी असते. अशा नोंदवह्या पाचसहा वर्षे जमल्या तर महाविद्यालयाकडे आपल्या परिसराचा शब्दसंग्रह तयार होईल, आणि तो कोणत्याही छापील कोशात न मिळणारा असेल.

व्यवसायाचा विचार सहसा एका परिच्छेदात संपवला जातो. तो तसा संपवू नये. खेड्यातल्या शिंप्याचे काम वर्षभर सारखे नसते. लगीनसराई, पोळा, दिवाळी या दिवसांत मशीनची खडखड रात्रीही थांबत नाही. एरवी ठिगळ, उसवण आणि बाळंतिणीच्या घरची कुंची-झबली. उधारी सुगीवर ठरते. सुगी चांगली झाली तर शिलाई मिळते, नाहीतर पुढच्या वर्षावर जाते. म्हणजे स्वतः जमीन न कसणारा हा कारागीर दुसऱ्यांच्या शेतीवर आणि दुसऱ्यांच्या मर्जीवर जगतो. शेतकऱ्याशी भांडण झाले तरी त्याचे शेत त्याच्याजवळ राहते. शिंप्याशी गावाने भांडण केले तर त्याच्याकडे कापड येणेच थांबते. गंगारामाच्या ताठ स्वभावाला जी धार येते ती यामुळे. तोच स्वभाव पाटलाच्या घरात असता तर त्याला रुबाब म्हटले गेले असते. 'धग'मधल्या कुटुंबाचा धंदाही शिवणकामाचाच आहे, आणि तिथला कौतिकचा नवरा महादेव गंगारामाच्या अगदी उलट आहे. एका शिंप्याचा संसार पुरुषाच्या ढिलेपणाने खचतो आणि दुसऱ्याचा ताठरपणाने, आणि दोन्हीकडे तो ओढून नेणारी बाईच असते. या जोडीवर लिहिलेला निबंध कधी रटाळ होणार नाही.

काळाची मांडणी थोडक्यात पाहता येते. अशा कादंबऱ्यांत तारखा क्वचित येतात. काळ मोजला जातो तो पावसाने, सुगीने, सणाने, लेकरांच्या वाढीने. पंचमीला लेकी माहेरी येणे, येळवसेला रानात जाणे ही इथल्या घरांची वर्षे मोजण्याची रीत आहे. कादंबरीत अशा कोणत्या खुणा येतात त्या क्रमाने लिहून काढल्या की किती काळ लोटला हे कळते, आणि कोणता काळ गाळला तेही.

शोकात्मिकेचा प्रश्न मात्र वादाचा आहे, आणि तो वाद वर्गात मिटवून टाकू नये. गंगारामाची वाताहत त्याच्या स्वभावामुळे झाली की गावाच्या रचनेमुळे? परीक्षेत दोन्ही उत्तरे लिहिली जातात आणि दोन्हींना गुण मिळतात, पण ती समान वजनाची नाहीत. फक्त स्वभावावर बोट ठेवले तर कादंबरी एका हट्टी माणसाची कथा होते आणि गाव निर्दोष सुटते. फक्त गावाला दोष दिला तर गंगाराम बिचारा होतो, आणि कादंबरीने त्याला बिचारा केलेले नाही. पारबतीची नजर या दोन्हींच्या मध्ये आहे. ती नवऱ्यावर रागावते आणि गावावरही. ज्या उत्तरात तिच्या नजरेचा उल्लेख नाही ते अपुरे समजावे.

वाचनाचा क्रम कसा असावा? पहिले वाचन सलग, पेन्सिलीशिवाय, शक्यतो दोन दिवसांत. दुसरे वाचन वर्गात, मोठ्याने. ही कादंबरी कानाची आहे. निलंग्याच्या मुलीने एक पान वाचावे, हदगावच्या मुलाने दुसरे, आणि स्वर कुठे बदलतो ते सगळ्यांनी ऐकावे. तिसरे वाचन एकेका प्रश्नापुरते, समासातल्या खुणांच्या आधारे. समीक्षेची पुस्तके या तिसऱ्या वाचनानंतर उघडावीत. आधी उघडली तर कादंबरीत तेवढेच दिसते जेवढे समीक्षकाने पाहिले.

उत्तरात उतारा देताना बोलीतले रूप जसे छापले आहे तसेच ठेवावे. ते प्रमाण भाषेत दुरुस्त करण्याची सवय हाताला लागलेली असते आणि ती मोडावी लागते. निरनिराळ्या आवृत्त्यांत पानांचे क्रमांक बदलतात, म्हणून आवृत्ती आणि तिचे वर्ष वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. ग्रंथालयात जुनी प्रत सापडली तर दोन आवृत्त्या समोरासमोर धरून एखादे प्रकरण ताडून पाहावे. कुठे 'न्हाई'चे 'नाही' झाले आहे का, कुठे एखादे विरामचिन्ह वाढले आहे का, हे शोधताना विद्यार्थ्याची नजर एकेका शब्दावर थांबू लागते. पुढच्या प्रकरणांत कथनतंत्र, बोली, व्यक्तिरेखा आणि गावगाडा हे विषय याच क्रमाने घेतले आहेत, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मूळ पुस्तक उघडल्याशिवाय सोडवता न येणारे प्रश्न दिले आहेत.